खुंट्याची नदीकडची बाजू

१

गोदी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे क्रेन, भोंगे, कोळशाने माखलेले हमाल असलं काहीतरी उभं राहतं. ताईच्या गोदीत यातलं काही म्हणजे काही उरलं नव्हतं. नदीच्या वळणावरची ही जुनी गोदी. एके काळी इथे मिठाची आणि लाकडाची गलबतं रांगेने लागत. आता धान्याच्या गोदामात मातीकामाचे वर्ग चालत, वजनकाट्याच्या खोलीत कॉफी मिळे, आणि पाण्यात वल्हवणाऱ्यांच्या क्लबच्या शेंगेसारख्या निमुळत्या होड्या फिरत. सुट्टीच्या दिवशी लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येत. पाठीमागे गंजलेलं लोखंड असलं की प्रेम जास्त टिकाऊ दिसतं म्हणे.

या सगळ्याची देखभाल ताईकडे होती. सकाळी धक्का झाडायचा, पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडायचं, क्लबच्या पोरांनी उघडी टाकलेली दारं शिव्या घालत बंद करायची, आणि धक्क्याच्या काठाने उभे असलेले लोखंडी खुंटे काळेभोर, चकचकीत ठेवायचे. पूर्वी याच खुंट्यांना गलबतं बांधत. आता त्यांना कोणी काही बांधत नसे. लोक त्यांच्यावर बसत, नाहीतर कॉफीचे रिकामे पेले ठेवून निघून जात.

धक्क्यालगत दोरखंड ठेवायच्या जुन्या खोल्या होत्या, त्यांतल्या तीन खोल्यांत ताई आणि तिचे वडील राहत. त्यांना सगळी गोदी दादा म्हणे. दादा इथले शेवटचे दोरवाले. आलेल्या गलबतावरून फेकलेला दोर झेलायचा, त्याच्या टोकाचा फास खुंट्यात अडकवायचा, आणि निघायच्या वेळी तो काढून वर फेकायचा, एवढंच काम. पण एवढंच काम नीट झालं नाही तर नाव, माल आणि माणसं प्रवाहाला लागत. म्हणून या घरात एक शिस्त होती. जमिनीवर पडलेला फास दिसला की आधी तो खुंट्यात, मग बाकीचं जग. ताई लहान असताना या शिस्तीपायी तिची शाळासुद्धा बुडाली होती.

थंडी सरता सरता दादांनी अंथरूण धरलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी ताईला बाहेर धक्क्यावर नेऊन सांगितलं की आता फार आशा धरू नका, जे काही बोलायचं असेल ते बोलून घ्या. ताईचं लग्न जमता जमता राहिलं होतं, आणि पुढे जमवायला कोणी राहिलं नव्हतं. आई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. दादा गेले की घरात तिच्याखेरीज दुसरा श्वास नसणार होता. तिने मान डोलावली, औषधांची चिठ्ठी घेतली आणि निघाली.

औषधं घेऊन परत येताना धुकं पडलं होतं. घरासमोरच्या खुंट्याशी एक फास पडलेला तिला दिसला. जाड, ओला, जुन्या पद्धतीने विणलेला. ताईने पिशवी खाली ठेवली, फास उचलला, खुंट्यात अडकवला, पिशवी घेतली आणि आत गेली. दोराचं दुसरं टोक कुठे गेलंय हे तिने पाहिलं नाही. जित्याची खोड, दुसरं काय. डोक्यात दादा होते, हातांनी आपलं काम केलं.

तासाभराने ती बाहेर आली तेव्हा दोर तिथे नव्हता. क्लबच्या पोरांनी उचलला असेल, असं म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

२

दादा गेले नाहीत.

डॉक्टरीणबाई येत, नाडी बघत, छातीला नळी लावत, आणि भुवया उंचावत. ताप होता तेवढाच होता. दम लागत होता तेवढाच लागत होता. एक घोट पाणी प्यायला जेवढा त्रास काल, तेवढाच आज. "चांगलं म्हणवत नाही, ताई, पण वाईटही झालेलं नाही. जिथल्या तिथे आहेत. असं मी कधी पाहिलं नाही." ताईला काय, जिथल्या तिथे म्हणजेच चांगलं होतं. तिने त्यांना चहा केला, आणि त्या दिवशी तीसुद्धा पोटभर जेवली.

खुंट्याचा रंग गेलेला तिला त्याच सुमारास दिसला. घरासमोरच्या त्याच खुंट्याच्या मानेला, जिथे फास बसतो तिथे, काळा रंग घासून उघडं लोखंड दिसत होतं. ते लोखंडही असं लखलखीत, जणू रोज कोणी वाळूने घासतंय. तिने दोन हात मारून रंग दिला. वाळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घासलेला.

आता खुंटा कसा झिजतो हे ताईला कोणी शिकवायला नको. नाव पाण्यात, दोर तिच्याकडून येतो आणि खुंट्याला मागून वळसा घालतो. पाण्याने नाव ओढली की दोर खुंट्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे जमिनीकडच्या बाजूला, घासतो. या धक्क्यावरचे सगळे जुने खुंटे तिकडूनच झिजलेले. हा मात्र पुढून झिजत होता, नदीकडून. जमिनीकडच्या बाजूचा रंग जसाच्या तसा होता.

ती ब्रश हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. नदीकडची बाजू झिजते म्हणजे ओढणारं जे काही आहे ते नदीत नाही. ते खुंट्याच्या अलीकडे आहे, जमिनीवर. तिने मान वळवून अलीकडे पाहिलं. अलीकडे फरशीचा पट्टा होता, आणि त्याच्या पुढे त्यांचं घर. दादांच्या खोलीची खिडकी बरोबर समोर होती.

"रंगात भेसळ आहे," ती मोठ्याने म्हणाली, आणि दुकानदाराकडे भांडायला गेली. भांडणही चांगलं रंगलं. दुकानदाराने डबा बदलून दिला.

३

आवाज आधी तिने मनावर घेतला नाही. जुन्या घराला आवाज असतातच. नळ कुरकुरतात, कौलं तापतात, गोदामातल्या भट्टीची भिंत तडकते. पण हा आवाज दादांच्याच खोलीत होता आणि खालून येत होता. धप्प. मग थोडी शांतता. मग पुन्हा धप्प, जरा हलका. कोणीतरी भरलेलं पोतं भिंतीला टेकवावं तसा. आणि दोन धप्पांच्या मधे एक बारीक, लांबलचक करकर.

ती करकर तिच्या ओळखीची होती. लहानपणी ती त्याच आवाजात झोपायची. ताणलेला दोर ओला असला की असा बोलतो.

पहिल्यांदा तिने तो सकाळच्या चहाच्या वेळी ऐकला. नंतर दादांना पुसून घेताना. नंतर दुपारी जेवायला बसताना. रोज थोडा उशिरा येत होता. असं रोज थोडं उशिरा येणारं जगात काय असतं, हे गोदीत वाढलेल्या बाईला विचारायची गरज नाही. तिने खिडकीतून नदी पाहिली. पाणी पायऱ्यांच्या वरच्या रेषेला टेकलं होतं. भरती होती.

तिचा धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला इमारती बांधायच्या कंपनीत होता. फोनवर त्याला सांगितलं तर तो हसला. "ताई, तुमचं घर भरावावर आहे. खालून पाणी शिरतं, भरतीला वर येतं, भरावातले दगड हलतात. साधी गोष्ट आहे. साप साप म्हणून भुई काय धोपटतेस?"

"आणि करकर?"

"लाकडी तुळया."

उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं, असं तिला वाटलं. पण त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि तिला पटवून घ्यायचं होतं. रात्री तिला छान झोप लागली. खटकणारी गोष्ट एकच होती, आणि ती तिने भावाला सांगितली नव्हती. आवाज सुरू झाला की दादांचा चेहरा सैल पडे. ते भिंतीकडे तोंड करून, दाराशी पाहुणे ताटकळलेत आणि आपण उठू शकत नाही अशा ओशाळ्या आवाजात म्हणत, "हो हो. जरा थांबा."

४

सुट्टीच्या दिवशी मास्तर येत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गोदीचा इतिहास सांगायचं काम अंगावर घेतलं होतं. पाहुण्यांचा घोळका घेऊन ते धक्क्यावरून फिरत आणि तेच विनोद त्याच जागी करत. ताईच्या कानांवरून ते इतक्यांदा गेलं होतं की त्यांचं बोलणं आणि कावळ्यांची कावकाव तिला सारखीच झाली होती. त्या दिवशी ती पायरीवर बसून दादांच्या चादरी पिळत होती.

"आणि मंडळी, ही लहान गोदी," मास्तरांनी छत्री तिच्या घराकडे रोखली. "दिसत नाही ना? मलाही दिसत नाही. आज जिथे ही घरं आहेत तिथे पाणी होतं. पूल झाला, रेल्वे आली, गलबतं घटली. मग राख, विटा, राडारोडा टाकून बुजवून टाकली. म्हणजे आपण उभे आहोत तो धक्का पूर्वी दोन पाण्यांच्या मधे होता. नावा दोन्हीकडून लागत, आणि खुंटे मात्र तेच. दोन सासवांची एक सून."

लोक हसले. ताईच्या हातातली चादर पिळायची राहिली.

पुढे जे झालं त्याकडे दुसऱ्या कोणाचं लक्ष गेलं नाही. मास्तर पुढे निघाले आणि घोळका त्यांच्यामागे एकामागून एक निघाला. खुंटा आणि दादांची खिडकी यांच्या मधून ते जात होते. तिथे पोचल्यावर मास्तरांनी गुडघा वाकवून पाय उंच उचलला आणि पुढे टाकला. बोलणं न थांबवता. त्यांच्यामागच्या बाईने उचलला. तिच्या मागच्या म्हाताऱ्याने काठी आधी पलीकडे टेकवली आणि मग पाय उचलला. कॅमेरा डोळ्याला लावून चालणाऱ्या तरुणाने खाली न पाहताच उचलला. एक बाप कडेवरच्या पोरीला सावरत नीट ओलांडून गेला. फरशी सपाट होती. तिथे ओलांडण्यासारखं काही नव्हतं.

सगळे गेल्यावर ताई उठली. तिने स्वतःला बजावलं की पायांना सवयी असतात, एकाने केलं की दुसरा करतो, मेंढरं काय वेगळं करतात. मग ती त्या जागेकडे चालत गेली. मुद्दाम, पाय न उचलता.

नडगीवर काहीतरी थंड आणि ओलं लागलं. आडवं, ताठ. ती मागे सरकली. मोज्यावर पाण्याची एक रेघ उमटली होती.

५

धाकटा पुढच्या सुट्टीला आला. तो आला की दादांची दाढी करायचा. ते त्याचं काम होतं आणि तो ते फार मायेने करी. गरम पाणी, साबण, ब्रश, खांद्यावर टॉवेल, आणि दादांशी क्रिकेटच्या गप्पा. त्या दिवशी त्याने ब्रश फेसात बुडवला आणि तसाच धरून राहिला.

"ताई, दाढी तू केलीस का यांची?"

"मी कशाला करू? मला वस्तऱ्याची भीती वाटते."

"मग कोणी केली?"

कोणीच केली नव्हती. त्याने मागच्या खेपेला केली होती तेवढीच गुळगुळीत होती. त्याने दादांचा हात उचलून नखं पाहिली, आणि बहिणीकडे पाहिलं. ताईने नजर चुकवली. तिला हे कधीच दिसलं होतं. पण जे बोललं नाही ते झालंच नाही, असं मानायची सोय प्रत्येक घरात असते.

"हे बरोबर नाही," धाकटा हळू आवाजात म्हणाला. इमारतीचा हिशोब चुकला तर त्याचा चेहरा असाच होत असेल. "मी गाडी घेऊन येतो. मोठ्या दवाखान्यात दाखवू, सगळे फोटो काढू. यांच्या अंगात काय चाललंय ते कळायला नको का?"

"ठीक चाललंय."

"ताई, हे ठीक आहे? बघ यांच्याकडे."

तिने पाहिलं. खरं तर आवाज सुरू झाल्यापासून ती दादांकडे नीट बघायचं टाळत होती. औषध, चादर, पाणी, सगळं करायची, पण चेहऱ्याकडे रोखून बघायची नाही. आता बघितलं. बुडणाऱ्या माणसाचा शेवटचा श्वास असतो तसा एक श्वास त्यांच्या तोंडावर थांबला होता. तो आत जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता.

६

त्या संध्याकाळी दादा शुद्धीवर होते. त्यांनी तिला उशाशी बसवलं.

"फास कोणी टाकला, पोरी?"

नाही म्हणणं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. "मी," ती म्हणाली. "पडला होता. तुम्हीच शिकवलंत."

"चूक नाही केलीस. मी झेलायला नव्हतो, तू उचललास. बरोबर केलंस." त्यांना दम लागला. "आता काढ. किती भरत्या वाया गेल्या त्यांच्या. ताटकळलेत बिचारे."

"कोण ताटकळलंय?"

"दुसरं कोणी काढू शकत नाही," ते म्हणाले. "ज्याने टाकला त्यानेच काढायचा. एकाचा फास दुसऱ्याने काढला आणि भलतीच नाव सुटली, तेव्हापासून हा कायदा. मी हात लावून उपयोग नाही. नाहीतर लोळत जाऊन काढला असता."

"काढला तर काय होईल?"

"तर मी जाईन," दादा म्हणाले. दुकानापर्यंत जाऊन येतो म्हणावं इतक्या साध्या आवाजात.

ताईला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "मग नाही काढत. बसा ताटकळत सगळे. मला एकटीला टाकून जायची तुम्हाला फार घाई झालीय. या तीन खोल्यांत मी कोणाशी बोलू? खुंट्यांशी? आई गेली तेव्हा तुम्ही मला काय सांगितलंत? मी आहे म्हणालात. आहात तर असा ना."

दादांनी तिच्या हातावर हात ठेवला. हात बर्फासारखा होता. "दुखतं गं," ते म्हणाले. एवढंच. आयुष्यात कधी त्यांनी दुखतं म्हटलं नव्हतं.

ती रात्रभर विचार करत राहिली. तिला दादांचं दुखणं थांबायला हवं होतं आणि दादाही हवे होते. माणसाला एका वेळी दोन्ही हवं असतं, त्यात लबाडी काही नसते. पण पहाटे तिला जे सुचलं ती मात्र लबाडी होती, आणि सुचल्या सुचल्या तिला ते कळलं होतं. नाव खोलीत लागलीय. दादा खोलीत आहेत म्हणून नावेत आहेत. खोलीत नसताना सोडली तर? नाव जाईल आपल्या वाटेने, दादा राहतील, आणि मग मोठा दवाखाना आहे, नवी औषधं आहेत. सुंठीवाचून खोकला गेला.

तिने भावाला फोन केला. "गाडी आण," ती म्हणाली. "पण दुपारी आण." त्या दिवशी भरती दुपारची होती.

७

गाडी आली. धाकटा आणि गाडीवाला यांनी दादांना चादरीसकट उचललं. खालून धप्प झालं. दादांनी डोळे उघडले आणि खिडकीकडे पाहिलं.

"अरे, आत्ता नको," ते म्हणाले. "आत्ता भरती आहे."

"लगेच परत येऊ, दादा," धाकटा म्हणाला. "फोटो काढायचे आणि परत."

"पोरी, सांग याला."

ताई उशीचा अभ्रा बदलत होती. "जाऊन या," ती म्हणाली. "मी खोली आवरून ठेवते."

गाडी वळणापलीकडे गेल्यावर ती बाहेर आली. ऊन चांगलं होतं. कॉफीवाल्याकडे चार माणसं बसली होती. मातीकामाच्या वर्गातून कोणाच्यातरी हसण्याचा आवाज येत होता. इतक्या उघड्या दुपारी आपण रिकाम्या खुंट्याला मिठी मारणार म्हणजे लोक वेड्यात काढतील, असं तिला वाटलं, आणि थोडं हसूही आलं. तिने खुंट्याच्या मानेला दोन्ही हात लावले.

हातात दोर आला. मनगटाएवढा जाड, ओला, आणि ताठ. घट्ट ताणलेला दोर खुंट्यातून निघत नाही, नाव जरा पुढे येऊन तो सैल पडावा लागतो. ती वाट बघत राहिली. खालचं पाणी एकदा श्वास घेतल्यासारखं वर आलं, करकर थांबली, दोर सैल झाला. तिने फास वर ओढून काढला. तो जड होता. दादा रोज हे कसं करत असतील, असा विचार तिच्या मनात आला.

फास टाकून द्यायचा नसतो. तो नावेतल्या माणसाच्या हातात फेकायचा असतो. म्हणून तिने खिडकीकडे पाहिलं.

खिडकीच्या आत दादांची खोली नव्हती. पलंग नव्हता, तिने आत्ताच बदललेला अभ्रा नव्हता. काळं, ओलं लाकूड होतं, आणि ते तिच्या जमिनीपेक्षा बरंच खाली उतरलेलं होतं. त्यावर माणसं बसली होती. दाटीवाटीने, गुडघ्याला गुडघा लावून, लांब प्रवासाला निघालेल्या लोकांच्या सवयीने गप्प. चेहरे दिसत नव्हते, पण सगळे याच बाजूला वळलेले होते. त्या दाटीत एका माणसापुरती जागा सोडलेली होती. कोणी तिच्यावर साधा पदरही टाकला नव्हता.

सोडलेल्या जागेच्या शेजारून एक हात खिडकीबाहेर आला. डावा हात. त्यांच्या घरात डावरं माणूस एकच होतं.

तो दोर घ्यायला आला नव्हता. तळवा वर होता, बोटं पसरलेली, आणि मनगट जरासं झटकलेलं. आपण "कुठे आहेत?" असं लांबूनच विचारताना करतो तसं. हात तिथेच थांबला. घाई नव्हती त्याला. उत्तर मिळेपर्यंत तो थांबणार होता.

ताईला प्रश्न कळला. अगदी स्वच्छ कळला. तिने फास फेकला.

हाताने तो न चुकता झेलला आणि आत घेतला. मग बाकीच्या हातांनी दोर आत ओढला, हातावर हात टाकत, आणि ते हात मोजता येण्यासारखे नव्हते. घर जरासं हललं. खिडकीतलं लाकूड एका बाजूला सरकत गेलं, संथपणे, बराच वेळ, आणि त्याच्यामागून खोलीची पांढरी भिंत आली, पलंगाचा पाय आला, उशी आली. कॉफीवाल्याने कपबशा गोळा केल्या. ताई खोली आवरायला आत गेली.

८

दादा संध्याकाळी परत आले ते बसून आले. धाकटा खुशीत होता. "फुप्फुसं बरीच मोकळी झालीत म्हणतात. पाणी उतरतंय. बघ, ताई, मी म्हटलं होतं. येताना वाटेत भूक लागली म्हणाले!" त्याने दादांना खुर्चीत खिडकीशी बसवलं, बहिणीच्या पाठीवर थाप मारली आणि रात्र व्हायच्या आत निघून गेला.

ताईने दिवा लावला. मऊ भात कालवून आणला. दादांनी दोन घास खाल्ले. श्वास सरळ चालला होता. हनुवटीवर पांढरे खुंट दिसू लागले होते. खोलीत कसलाही आवाज नव्हता. तिला इतकं बरं वाटलं की आपण काहीतरी गुणगुणतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

दादा बाहेर बघत होते. खुंट्याकडे, मग खिडकीच्या चौकटीकडे, मग जमिनीकडे. रागावलेले दिसत नव्हते. गाडी चुकलेला माणूस फलाटावर उभा राहून रुळांकडे बघतो तसे बघत होते.

"सोडलीस," ते म्हणाले.

"हो."

"मी नसताना."

ताईने ताट उचललं. "तुम्ही बरे होताय, दादा. बघा ना, जेवलात."

"पुन्हा नाही येत ती," दादा म्हणाले. "एका माणसासाठी दोनदा नाही येत." नदीपलीकडे दिवे लागले होते, आणि पाणी बरंच उतरलं होतं. "दोर कोणी घेतला?"

खोटं बोलता आलं असतं. दिसलं नाही म्हणता आलं असतं. "आईने," ती म्हणाली.

दादांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर काहीतरी आलं, जे तिने लहानपणी पाहिलं होतं आणि नंतर कधी नाही. "कशी होती?"

तिने हाताखेरीज काही पाहिलं नव्हतं. "बरी होती."

"माझं विचारलं तिने?"

तळवा वर होता, बोटं पसरलेली. ताईने ताट खाली ठेवलं.

"विचारलं, दादा."

दादांनी डोळे उघडले आणि लेकीकडे पाहिलं.

"मग तू काय सांगितलंस?"